तिसरा आवाज

आधीच सांगून ठेवतो. यात माझ्या पदरचं काही नाही.

ज्यांना थापा वाटतील त्यांनी इथेच थांबावं, मला राग येणार नाही. ही हकीकत मला ज्यांच्या बाबतीत घडली त्यांनीच सांगितली. ते माझ्या आईचे मामा, उदाराम मिस्त्री. माणूस मुळात कमी बोलणारा, आणि खोटं तर त्यांना जमायचंच नाही. आयुष्यात एकदाच ते सलग तीन दिवस खोटं बोलले. ही गोष्ट त्याच तीन दिवसांची आहे.

साल १९५६. मे महिना.

गाव दवनीवाड्याजवळचं. आज तो गोंदिया जिल्हा, तेव्हा भंडारा होता. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्या घरची माणसं अजून तिथे राहतात.

आणि भुताखेताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं तुम्हाला वाटत असेल तर तेही डोक्यातून काढून टाका.

ही दुपारची गोष्ट आहे... भर दुपारची.

उदाराम तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. लढाईच्या काळात ते आसामात पलटणीच्या मोटारींवर होते. मोटारीचं काम तिथेच शिकले आणि रेडिओचंही. परत आल्यावर गोंदियात रेल्वे फाटकाजवळ टिनाचं छोटं दुकान टाकलं. मोटारी दुरुस्त करणारे गावात चार जण होते. रेडिओवाले दोन होते. पण मोटारीतल्या रेडिओला हात लावणारा सगळ्या टापूत हा एकच माणूस.

घरीही एकटाच. सकाळी चूल स्वतः पेटवायची आणि संध्याकाळी त्याच चुलीसमोर बसून एकट्याने जेवायचं.

तुमच्यापैकी कोणी कधी वायरींशी झटापट केली असेल तर त्याला मी काय म्हणतो ते कळेल. एखादा बिघाड दोन-दोन दिवस डोकं खातो. माणूस खातापिताना, झोपताना त्याचाच विचार करतो. आणि मग एकदम कुठलासा एक नट आवळला जातो, खरखर थांबते आणि गाणं स्वच्छ वाजायला लागतं. आहाहा! त्या वेळी वाटतं, कोणाला तरी धरून सांगावं, "अरे, सापडलं!"

उदाराम कोणाला सांगणार? गिऱ्हाईक म्हणायचं, "वाजते ना? मंग झालं."

तर त्या मे महिन्यात मोहनलाल नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. पोवार समाजाचे, धानाची मोठी शेती. घरी एक जुनी काळी विलायती मोटार होती.

"मिस्त्री, गाडीतला रेडिओ वाजवून द्या. चार दिस लागो का आठ लागो. आमच्या घरीच राहा."

"बसवला कोनं?"

"माह्या पोरानं. झामसिंगनं. कोनापाशी शिकला नाई, घरीच बसवला."

"मंग तो काऊन नाई करत?"

मोहनलाल रस्त्याकडे बघत म्हणाले, "तो नाई आता. मले नाई पाहिजे तो रेडिओ. त्याच्या मायले पाहिजे."

उदारामांनी पेटी उचलली.

मोटार घरामागे टिनाच्या छपरीत उभी होती. बाजूला मोहाचं मोठं झाड. मोहनलालांनी कुलपाची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि तिथूनच मागे फिरले. छपरीच्या दारापर्यंतसुद्धा आले नाहीत.

उदारामांनी दार उघडलं. आत भट्टी पेटल्यागत गरम होतं. गाडीवर वर्षभराची धूळ बसली होती. त्यांनी पुढचं दार उघडून डॅशबोर्डाखाली मान घातली.

आणि ते बघतच राहिले.

वायरीचा प्रत्येक जोड नीट पिळलेला. जोडावर धोतराची चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीवर पळसाची लाख वितळवून ओतलेली. जोडावर गुंडाळायची काळी पट्टी खेड्यात मिळणार कुठून? या पोराने झाडावरच्या लाखेने काम भागवलं होतं. एकही जोड ढिला नव्हता. एक गोष्ट मात्र वेगळी होती. सगळे पीळ उलट्या दिशेने होते.

"वा रे पठ्ठे," उदाराम मोठ्याने म्हणाले. "डेबऱ्या हायेस वाटते तू." आमच्याकडे डावखुऱ्याला डेबऱ्या म्हणतात.

ते वाकून काम करत राहिले. त्यांच्या मनात आलं, हा पोरगा जिवंत असता तर याच्याशी बोलायला मजा आली असती.

रेडिओ बंद का, ते तासाभरात कळलं. पोराने अर्थिंगची वायर गाडीच्या रंगावरच आवळली होती. रंग खरवडून खालचं लोखंड उघडं केलं, वायर पुन्हा आवळली. बॅटरी गोंदियाहून भरून आणलेली होतीच. डबा गुणगुणला... आणि नागपूर स्टेशन लागलं.

इंजिन बंद असताना आवाज ठीक होता. चालू केलं की मात्र विचारू नका. एक टकटक होती आणि एक शिट्टी. इंजिनाचा वेग वाढला की दोन्ही वाढायच्या. टकटक प्लगच्या ठिणगीची असते, ती त्यांनी घटकेत काढली. शिट्टी डायनामोची. त्यासाठी डायनामोवर कंडेन्सर बसवला, त्याची वायर जोडली. शिट्टी निम्मी झाली, पण पुरती जाईना.

तेवढ्यात जेवायला बोलावणं आलं. त्यांनी जोड उघडाच ठेवला, छपरीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

जेवण उरकून अर्ध्या तासात परत आले.

कुलूप होतं तसंच होतं.

आत गेले. बॉनेट उघडं होतं तसंच होतं.

पण छपरीत वास येत होता... तापलेल्या लाखेचा.

त्यांनी वाकून पाहिलं. त्यांचा जोड कोणीतरी सोडला होता. वायर डायनामोला घासून जात होती ती तिथून काढून पार कडेने फिरवली होती. जोड नव्याने पिळला होता. उलट्या दिशेने. वर चिंधी. चिंधीवर लाख.

त्यांनी बोट लावलं... आणि चटका बसला.

लाख अजून गरम होती.

उदाराम छपरीभर फिरले. चूल नाही, निखारा नाही, काडीपेटीसुद्धा नाही. मग त्यांनी काय करावं? त्यांनी इंजिन चालू केलं. मिस्त्री माणूस, दुसरं करणार काय!

शिट्टी पुरती गेली होती.

संध्याकाळी घराच्या बाहेरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, ते खाटेवर बसले होते. झामसिंगची आई रामकलीबाई दारात येऊन उभी राहिली. बारीक अंगाची बाई, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"झालं का जी, मिस्त्री?"

"थोडं राहिलं, बाई."

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आत गेली.

जेवताना उदारामांना राहवलं नाही. लाखोरीच्या डाळीचं वरण भातावर घेता घेता त्यांनी विचारलं, "घरात डेबऱ्या कोन हाय जी?"

मोहनलालांचा घास हातातच राहिला.

"कोनी नाई," ते म्हणाले. घास परत ताटात ठेवून म्हणाले, "होता."

पुढचं रामकलीबाईंनी सांगितलं. मागच्या वर्षी याच महिन्यात झामसिंग दिवसदिवस त्या टिनाखाली गाडीत बसून असायचा. जेवायची शुद्ध नसायची. एक दिवस आईला म्हणाला, "माय, उद्या तुले यात साफ गानं ऐकवतो." दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताक घेऊन गेली, तर पोरगा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला. ऊन लागलं होतं. चोवीस वर्षांचा होता.

"माह्या पोराचा जीव त्या डब्ब्यात अटकला हाय," बाई म्हणाल्या. "तुमी सोडवा त्याले."

त्या रात्री उदारामांनी ठरवलं, सकाळी पेटी उचलायची आणि गोंदियाची वाट धरायची. असल्या भानगडीत पडायचं नाही.

सकाळ झाली. पेटी उचलली. पाय छपरीकडे वळले. मी त्यांना विचारलं होतं, "भीती नाही वाटली?" तर म्हणाले, "वाटली ना. पन त्यानं वायर कडेनं काऊन नेली, ते मले समजून घ्याचं होतं."

असा माणूस!

दुसऱ्या दिवशी त्यांनी धीर करून बघितलं. एरियलची वायर दोन वाटांनी आणता येत होती, डावीकडून किंवा उजवीकडून. त्यांनी रिकाम्या गाडीला विचारलं, "बोल बापू, कोठून आनू?" आणि बाहेर मोहाखाली जाऊन उभे राहिले. ऊन नुसती आग ओकत होतं. एक पान हलत नव्हतं. गावात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

मग छपरीतून आवाज आला...

टक्.

ते आत गेले. त्यांचा पेचकस पेटीत होता. आता तो डॅशबोर्डाच्या डाव्या कडेला उभा टेकवलेला होता.

त्यांनी वायर डावीकडून आणली. तीच वाट बरोबर होती.

तिथून पुढे भीती कमी कमी होत गेली. खरं सांगायचं तर त्यांना मजा यायला लागली. ते विचारायचे, बाहेर जायचे, टक् ऐकू आलं की आत यायचे. कधी पाना सरकलेला असायचा, कधी पक्कड. कधी पोरगा चुकायचा. मग उदाराम हसायचे. "अबे, तिथं लावलं तं बॅटरी जळून जाईन ना!" आणि पुढच्या खेपेला पाना बरोबर जागी असायचा. दहा-बारा वर्षांत त्यांच्याशी त्यांच्या कामाबद्दल कोणी इतकं बोललं नव्हतं. आणि हा तर बोलतही नव्हता.

त्या दिवशी दुपार कलली तेव्हा त्यांनी गाडी बाहेर काढली. रेडिओ झकास वाजत होता.

पण गाडी धावायला लागली... आणि तिसरा आवाज आला.

खर्रर्र... खर्रर्र...

गाडी थांबली की आवाज थांबायचा. इंजिन कितीही घुमवा, उभ्या गाडीत तो यायचा नाही. गाडी निघाली की परत खर्रर्र. उदारामांनी कपाळाला हात लावला. इथवर झामसिंगही कधी पोचला नसणार.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते गाडी घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर गेले. पाळीवरून खाली उताराचा लांब रस्ता होता. तलाव कोरडा पडला होता, मैलभर माणूस नव्हतं. उतारावर इंजिन बंद करायचं, गाडी नुसती सोडून द्यायची आणि ऐकायचं, असा त्यांचा बेत होता. इंजिन बंद असूनही खरखर आली तर दोष इंजिनात नाही.

त्यांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

गाडी आपसूक घरंगळायला लागली. हवेचा बारीक आवाज, आणि रेडिओ.

आणि मग...

शेजारची सीट कुरकुरली.

त्यांनी मान वळवली नाही. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं. सीटची गादी हळूहळू खाली दबत गेली आणि तशीच दबलेली राहिली.

लाखेचा वास आला.

दुसरा कोणी असता तर दार उघडून उडी मारली असती. उदारामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ते बोलायला लागले. कोणालाच कधी न सांगितलेलं बोलायला लागले.

ते आसामात असताना घरी मुलगी झाली. आठव्या दिवशी गेली. बारसंसुद्धा झालं नव्हतं, नाव ठेवायचं राहून गेलं. महिनाभराने बायको गेली. पत्र त्यांना दोन महिन्यांनी मिळालं. आले तेव्हा दाराला कुलूप होतं. "बायकोची आठवन काढाले तिचं नाव तरी हाय," ते त्या सीटला म्हणाले. "पोरीले तं काय म्हनून हाक मारू तेही मले ठाव नाई."

सीट दबलेलीच होती. रेडिओत खर्रर्र चालू होतं.

उताराच्या पायथ्याशी विहीर होती. तिच्या पन्हाळीतून सांडलेल्या पाण्याने रस्ता थोडा ओला झाला होता. गाडी त्या ओल्या जागेवरून गेली.

आणि खरखर थांबली.

दहा-वीस हात गाडी गेली. चाकं कोरडी झाली. खर्रर्र पुन्हा सुरू.

उदारामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाकं! कोरड्या धुळीत घासून चाकांत वीज साठते आणि तिथून उड्या मारत गाडीच्या अंगात उतरते. प्रत्येक उडीला एक खर्र. पुढच्या दोन चाकांच्या टोप्यांखाली एकेक बारीक स्प्रिंग बसवायची, चाक आणि आस कायम जोडलेले राहतील, वीज मुकाट्याने उतरून जाईल. टॉर्चच्या बुडाशी असते तेवढी स्प्रिंग पुरे. दहा मिनिटांचं काम!

"अरे, सापड..."

शब्द ओठांवर आला होता. पहिल्यांदाच तो ऐकायला शेजारी कोणीतरी होतं.

त्यांनी तो गिळला.

कारण त्यांना पुढचं दिसलं. हे काम झालं की रामकलीबाई गाणं ऐकणार. पोराचा अडकलेला जीव मोकळा होणार. पोरगा जाणार. आणि उदाराम मिस्त्री गोंदियाला जाऊन चूल पेटवणार.

"काय समजून नाई राहिलं बाप्पा," ते मोठ्याने म्हणाले. "उद्या पाहू."

सीट हळूच वर आली.

संध्याकाळी रामकलीबाई दारात आल्या. "झालं का जी?"

"नाई, बाई. एक आवाज निघतच नाई."

त्यांनी पुन्हा मिस्त्रीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आणि आत गेल्या.

चौथ्या दिवशीही तेच. त्या दिवशी उदारामांनी पेटीतल्या जुन्या टॉर्चमधून दोन स्प्रिंगा काढल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातल्या. मनाला म्हणाले, आज दुपारभर राहू दे, संध्याकाळी लावू. संध्याकाळ आली तेव्हा म्हणाले, उद्या लावू. दिवसभर त्यांनी चांगले जोड सोडले आणि परत बांधले. नसलेले दोष काढले. पोराला पलटणीतले किस्से सांगितले. आतून टक् येत होतं, पण आता फार उशिरा यायचं. एकेका टकटकीसाठी ते पाव-पाव तास मोहाखाली उभे राहायचे.

"झालं का जी?"

"नाई, बाई."

पाचव्या दिवशी पाना जागचा हललाच नाही. दुपारभरात फक्त एकदा सीट कुरकुरली. छपरीत त्या दिवशी उकाडा असा होता की श्वास घेववत नव्हता. गाडीच्या पत्र्याला हात लावला की भाजायचा. उदाराम गाडीत बसून बोलत राहिले. ऐकतंय का कोणी, हे त्यांना कळत नव्हतं. तरी बोलत राहिले.

"झालं का जी?"

"उद्या होईन वाटते."

या वेळी बाई लगेच आत गेल्या नाहीत. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग पदर ओढून वळल्या.

सहाव्या दिवशी सकाळपासून काही नाही. उदारामांनी विचारलं, बाहेर गेले, थांबले. आत शांत.

पुन्हा विचारलं.

शांत.

लाखेचा वाससुद्धा नव्हता.

"रागावला का रे?" ते म्हणाले. जेवण जाईना. मोहाखाली आडवे झाले आणि कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती एका आवाजाने...

टक्.

थोडं थांबून... टक्.

ते उठून बसले. सवयीने हात खिशावर गेला. खिशाचं बटण लावलेलं होतं, सकाळी लावलं होतं तसंच.

बटण काढून आत हात घातला.

खिसा रिकामा होता.

म्हणजे ते झोपले असताना कोणीतरी त्यांच्या छातीवर वाकलं होतं. खिशात हात घातला होता. आणि जाताना बटणही लावलं होतं.

धडपडत छपरीत गेले. पुढच्या दोन्ही चाकांच्या टोप्या घट्ट बसलेल्या होत्या. एकीच्या कडेवर धुळीत बोटांचे ठसे होते. डाव्या हाताचे. उदारामांनी टोपी काढून पाहिली नाही. गरज नव्हती.

त्याला सगळं कळलं होतं. उपाय कळला होता, आणि आपला मिस्त्री तीन दिवस तो खिशात घेऊन फिरतोय हेही कळलं होतं.

शरमेने त्यांना मान वर करवेना.

ऊन उतरल्यावर त्यांनी रामकलीबाईंना गाडीत बसवलं. मोहनलाल दूर उभे राहून बघत होते. बाई शेजारच्या सीटवर बसल्या. गाडी तलावाच्या रस्त्याने निघाली. उदारामांनी बटण फिरवलं.

नागपूरहून कोणी बाई भजन गात होती. धुळीचा रस्ता, कोरडी चाकं, गाडी चांगली पळत होती, आणि आवाजात कुठे कसली चरचर नाही. तिने श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. उदारामांनी आयुष्यात इतकं स्वच्छ काम पाहिलं नव्हतं. त्यांना रडू आवरेना.

रामकलीबाई मात्र रडल्या नाहीत. भजन संपेपर्यंत डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "बस. बंद कर."

पहिल्यांदाच त्या त्यांना एकेरी बोलल्या.

"बाबू, तुले तं तीन दिसाआधीच समजलं होतं ना?"

उदारामांनी गाडी थांबवली.

"मले ठाव होतं," बाई म्हणाल्या. "तो सांगत होता. संध्याकाळी मी दिवा लावाले बसली का मागं येऊन उभा राहात होता. म्हने, माय, मिस्त्रीले सापडलं. पन एकटा हाय बिचारा. दोन दिस थांबतो त्याच्यापाशी."

"बाई, मी..."

"मी रोज तुले विचारत होती. वाटे, आज सांगशीन, उद्या सांगशीन. पन काल तो आला तं उभं राहवत नव्हतं त्याले." बाईंचा आवाज इथे फुटला. "म्हने, माय, दुपारचं ऊन सोसत नाई मले आता. लई तापते तिथं."

उदाराम स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. तीन दुपारी! स्वतःची करमणूक व्हावी म्हणून त्यांनी त्या पोराला ज्या उन्हात तो मेला त्याच उन्हात तीन दुपारी बसवून ठेवलं होतं.

बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रागावला नाई तो. जाताना तुह्यासाठी निरोप देऊन गेला. म्हने, मिस्त्रीले सांग, पोरीचं नाव ठेवून टाक."

उदारामांनी डोकं वर केलं.

मुलीची गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. फक्त त्या उतारावर सांगितली होती. मैलभर माणूस नव्हतं तेव्हा.

"तिकडं बिनानावाची हाय म्हने," बाई म्हणाल्या. "कोनी बोलावत नाई तिले. म्हने, मी बोलावलं असतं, पन काय म्हनून बोलावू?"

उदाराम दुसऱ्या दिवशी गोंदियाला परतले. त्यानंतर उन्हाळ्यात बारा ते चार त्यांनी दुकान कधी उघडं ठेवलं नाही. मोटारीतले रेडिओ पुढे कित्येक वर्षं केले, पण कामात कोणाची साथ त्यांना पुन्हा मिळाली नाही.

मला हे त्यांनी सांगितलं तेव्हा ते साठीला आले होते. दुपारच होती. दुकानाचं दार लोटलेलं, आम्ही दोघंच आत. मी तेव्हा कॉलेजात होतो, असल्या गोष्टींवर हसायचं वय. तरी मी विचारलं, "मग ठेवलं का नाव?"

"ठेवलं ना. त्याच रात्री."

"काय ठेवलं?"

ते मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. आवाज बारीक करून म्हणाले, "कागदावर लिहून देतो पाहिजे तं. तोंडानं नाई सांगत."

"काऊन?"

"मोठ्यानं घेतलं का आतून ओ येते."

कागद मी मागितला नाही. पाण्याचा पेला तसाच ठेवून उठलो आणि घरी आलो. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते नाव माझ्या आईला ठाऊक आहे. एक-दोनदा तिने सांगायला सुरुवातही केली होती, पण मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून तिथून उठलो.